अकराव्या मजल्यावरचं ‘सॉर्ट ऑफ’

वंदनाताई,

रविवारी तुझं पुण्यानुमोदन आहे, तू गेल्यानंतरची आदरांजली सभा. पत्रक मी लिहायचं, असं दाजींनी सांगितलंय. नमुना म्हणून कुणीतरी एक जुनं पत्रक आणून दिलं. त्यात ‘अल्पशा आजाराने’ असं छापलंय. मी ते उलटं करून ठेवलं. तुला अल्पसा आजार नव्हता आणि मी तसं लिहिणार नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, अगं लिहून टाक ना, लोकांना बरं वाटतं. लोकांना बरं वाटायला मी बसलेली नाही.

झालं ते असं. मंगळवारी सकाळी साडेदहाला तुझ्या छातीत कळ आली. कांजूरच्या आपल्या या चौदा मजली इमारतीत, जिथे झोपडी देऊन घर घेतलं त्याच इमारतीत, एक लिफ्ट पहिल्या दिवसापासून शोभेची आहे आणि दुसरी एकोणीस दिवस बंद होती. ॲम्ब्युलन्सच्या दोघांनी आणि दाजींनी तुला चादरीत घेऊन अकरा मजले उतरवले. मी आवाज ऐकून तिसऱ्या मजल्यावरून वर धावले. सातव्यावर तुम्ही भेटलात. तिथे वळणावर तुम्ही अडकला होतात, कारण तिथे स्टूल होतं.

स्टुलांची गोष्ट बाहेरच्यांना सांगायला पाहिजे. लिफ्ट बंद पडायला लागली तशी आपल्या लोकांनी जिन्याच्या वळणांवर आपापल्या घरातली स्टुलं, खुर्च्या आणून ठेवल्या. दम लागला की बसायचं. कुणी ठराव केला नाही, कुणी सांगितलं नाही. चौथ्यावर निळं प्लास्टिकचं, सातव्यावर लाकडी, नवव्यावर पाठ तुटलेली खुर्ची. मी त्याच्यावर एक पत्रक पण काढलं होतं, ‘बिल्डरने दिली नाही ती सोय रहिवाशांनी केली’. आणि त्या सकाळी मी तुमच्या पुढे धावत एकेक स्टूल उचलून लोकांच्या दारात फेकत होते, कारण स्टूल असलं की चादर वळत नव्हती. तुझा हात चादरीबाहेर होता. हातात बांगडी होती. ती कठड्याला आपटत होती.

हे मी एकदाच लिहिते आहे.

तुला मी पहिल्यांदा ओळखलं ते तळमजल्यावरच्या सोसायटी ऑफिसात. मी एकोणीसची. तू मुलुंडच्या कॉल सेंटरमध्ये नऊ वर्षं परदेशातल्या लोकांच्या शिव्या ऐकून नोकरी सोडलेली, आणि आपल्या पोरींना फुकट इंग्लिश शिकवायला बसलेली. फळ्यावर व्याकरण नव्हतंच. फळ्यावर होतं: सॉर्ट ऑफ, काइंड ऑफ, आय गेस, मे बी, जस्ट, ॲज सच, आय ॲम अफ्रेड.

“ह्या तुमच्या उश्या,” तू म्हणालीस. “जे काही टणक बोलायचंय त्याच्याखाली एक टाकायची. ‘यू आर राँग’ म्हणायचं नाही. ‘आय थिंक देअर इज सम कन्फ्युजन’ म्हणायचं.”

मी हात वर केला. “ताई, पण समोरचा खोटं बोलत असेल तर?”

“तर सम कन्फ्युजन आहेच ना.”

“म्हणजे तो एक खोटं बोलणार, वर आपण एक.”

“आली का पुढारी! बस खाली. नोकरी लागू दे आधी, मग क्रांती कर.”

तेव्हापासून मी पुढारी. सगळा मजला पुढारी म्हणायला लागला. माझी आई पण.

तुझ्या उश्यांनी पोरी तरल्या, हे मला मान्य आहे. नवव्या मजल्यावरची सुजाता घाटकोपरच्या मोठ्या दुकानात काउंटरला आहे. गिऱ्हाईक अंगावर ओरडलं की ती शांतपणे ‘आय ॲम अफ्रेड’ म्हणते आणि वाक्य पूर्ण करते. पूर्वी ती रडायची. परवा ती मला म्हणाली, “मला ना, ताईने पळायचं कसं ते शिकवलं नाही. उभं कसं राहायचं ते शिकवलं.” मी ऐकून घेतलं. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, पण ऐकून घेतलं.

मी मात्र दुसऱ्या शाळेत शिकले. मी काम करते त्या संघटनेत पत्रक लिहायचं ते अर्ध्या पानात. कोणी केलं ते पहिल्या ओळीत, कोणाला भोगावं लागलं ते दुसऱ्या ओळीत, आम्हाला काय पाहिजे ते तिसऱ्या ओळीत. ‘बहुतेक’, ‘असं दिसतं’, ‘काहीसं’ आलं की पत्रक परत. मी ते शिकले आणि मला ते आवडलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणीतरी सांगत होतं की तू मोठ्याने बोल.

म्हणून लिफ्ट पहिल्यांदा बंद पडली तेव्हा आपण दोघींनी दोन वेगळी कामं केली. मी दारात कागद लावला: ‘लिफ्ट बंद. बिल्डर जबाबदार. उत्तर द्या.’ तू बिल्डरच्या ऑफिसला मेल टाकलीस आणि मला मोबाइल दाखवलास, अगदी कौतुकाने. ‘द लिफ्ट इज सॉर्ट ऑफ नॉट वर्किंग सिन्स फ्यू डेज.’

“सॉर्ट ऑफ?” मी ओरडले. “लिफ्ट अर्धी चालते का, ताई? पाचव्यापर्यंत जाते आणि तिथून वर लोक ढकलतात?”

तू इतकी हसलीस की तुला ठसका लागला. “अगं, पहिल्या ओळीत तंगडी मोडली की माणूस दुसरी ओळ वाचत नाही.”

“बरं, दुसऱ्या ओळीत काय आहे?”

“काइंडली डू द नीडफुल.”

“मग तो वाचून तरी काय करणार? वाट लागली!”

आता ऐक, ताई, हे मी तुला कधी सांगितलं नाही. माझा कागद दुसऱ्या दिवशी वॉचमनने फाडला. तुझ्या मेलवर पाचव्या दिवशी मेकॅनिक आला. लिफ्ट सुरू झाली तेव्हा तू मला हाताला धरून आत ओढलंस, तळापासून चौदाव्यापर्यंत आणि परत, दोनदा. नुसती आरशात माझ्याकडे बघत राहिलीस. मी म्हटलं, “त्यांची पाळी होती दुरुस्तीची, म्हणून आला.” ते खोटं होतं. तू जिंकली होतीस. तीन आठवडे जिंकली होतीस, मग लिफ्ट परत बंद पडली. पण जिंकली होतीस. हे मी तिथल्या तिथे आरशात बघून बोलायला पाहिजे होतं.

मग ते नेहमीचंच झालं. लिफ्ट बंद, तुझी मेल, मेकॅनिक, लिफ्ट चालू, लिफ्ट बंद. प्रत्येक वेळी मेकॅनिक थोडा उशिरा यायचा आणि प्रत्येक वेळी तुझी मेल थोडी अजून मऊ व्हायची. मला ते दिसत होतं. सवय आपल्याला लागत होती आणि आराम त्यांना मिळत होता. मी हे म्हटलं की तू मला माझ्याच भाषेत पकडायचीस.

“मराठीत उश्या नाहीत वाटतं? तू ‘जरा’ लावल्याशिवाय पाणी तरी मागतेस का? जरा पाणी दे, जरा सरक, जरा ऐक.”

“ते वेगळं.”

“कसं वेगळं ते सांग जरा.”

मोठं भांडण झालं ते सातव्याच्या स्टुलावर. मी नवीन पत्रकाचा कच्चा खर्डा दाखवला होता. त्यात लिहिलं होतं, बिल्डर मुद्दाम लिफ्ट बंद ठेवतो.

“बघितलंस तू मुद्दाम ठेवताना?”

“सगळ्यांना माहीत आहे, ताई.”

“मग एकाचं नाव सांग, ज्याने बघितलं.”

मी खर्डा दुमडायला लागले.

“लिही, ‘आम्हाला असं वाटतं’.”

“वाटतं लिहिलं की पत्रक मेलं.”

“आणि खोटं निघालं की तू मेलीस. पुढच्या वेळी खरं लिहिशील तेव्हा पण कोण विचारणार नाही. घाबरून मऊ बोलणं वेगळं आणि माहीत नसताना ‘माहीत नाही’ म्हणणं वेगळं, पुढारी.”

“तू घाबरूनच बोलतेस.”

मी हे बोलले. तुझा चेहरा उतरला. तू हात वर केलास आणि म्हणालीस, “थांब. श्वास घेऊ दे. मग तुला हरवते.” मी थांबले. तू बराच वेळ श्वास घेत राहिलीस. मग उठलीस आणि काही न बोलता वर गेलीस. ते भांडण तसंच अर्धं आहे. मी जिंकले असं मी धरून चालले होते, कारण उत्तर आलं नाही. उत्तर का आलं नाही याचा विचार मी केला नाही. तुझ्याकडे तेवढा श्वास नव्हता.

त्याच आठवड्यात आपण घाटकोपरला त्या डॉक्टरकडे गेलो. काचेचं दार, थंडगार, भिंतीवर इंग्लिशमध्ये पाट्या. आदल्या दिवशी जिन्यात तू मला म्हणाली होतीस, “छातीवर कुणीतरी गुडघा रोवल्यासारखं होतं गं.” शब्द न् शब्द आठवतो मला. आणि डॉक्टरने विचारल्यावर तू पदर सावरून ताठ बसलीस आणि म्हणालीस, “नथिंग ॲज सच, डॉक्टर. जस्ट अ लिटल हेवीनेस. काइंड ऑफ ॲसिडिटी, आय गेस.”

त्याने ॲसिडिटीच्या गोळ्या लिहिल्या. गरज वाटली तर ईसीजी काढा म्हणाला. तुला गरज वाटली नाही, ॲज सच.

बाहेर रस्त्यावर मी तुला धरलं. “त्याच्या दारावर मराठी आडनाव होतं! गुडघा रोवल्यासारखं होतं, एवढंच सांगायचं होतं!”

“अगं, तसं सांगितलं असतं तर तो घाबरला असता.”

“घाबरायलाच पाहिजे होता!”

“मी पण घाबरले असते ना,” तू म्हणालीस. आणि रस्ता क्रॉस करायला लागलीस.

ताई, मला तुझा राग आला होता. अजून येतो. ज्या उश्या तू साहेब लोकांसाठी शिवल्यास त्या शेवटी तू स्वतःच्या छातीवर ठेवल्यास. तुझ्या दुखण्याला तू गिऱ्हाइकासारखं वागवलंस, त्याला ‘सॉरी फॉर द इन्कन्व्हिनियन्स’ म्हणालीस आणि होल्डवर ठेवलंस. नऊ वर्षं तुला जे शिकवलं गेलं ते इतकं आत गेलं होतं. ज्यांनी शिकवलं त्यांना कधी अकरा मजले चढायचे नव्हते.

पण शेजारच्या खुर्चीवर कोण बसलं होतं? पुढारी. बिल्डरला तोंडावर बोलणारी, पोलीस चौकीत हुज्जत घालणारी. मला तो ‘गुडघा’ माहीत होता आणि मी गप्प बसले, कारण डॉक्टर इंग्लिशमध्ये बोलत होता आणि मला वाटलं, आपण मध्ये बोललो तर बरं दिसणार नाही. बरं दिसणार नाही! मी एवढी पत्रकं लिहिली, ताई, आणि जिथे एक वाक्य बोलायचं होतं तिथे मी तुझ्यापेक्षा मऊ निघाले. तू निदान काहीतरी बोललीस.

तू गेल्यानंतर तिसऱ्या दिवशी मेकॅनिक आला आणि अर्ध्या तासात लिफ्ट सुरू झाली. अर्ध्या तासात. तिच्यातून तुला भेटायला, म्हणजे दाजींना भेटायला, माणसं वर आली. त्याच दिवशी बिल्डरच्या ऑफिसची मेल आली. मनापासून दुःख झालं, लिफ्ट ‘काइंड ऑफ अंडर ऑब्झर्व्हेशन’ होती, आणि सोबत तुझी शेवटची मेल जोडलेली, तू जायच्या सहा दिवस आधीची. ‘स्टेअर्स आर अ बिट टायरिंग बट मॅनेजेबल ॲज सच.’ तुमच्याच ताई म्हणत होत्या की जमतंय. असं त्यांनी लिहिलं नाही. लिहायची गरजच नव्हती.

काल संध्याकाळी सोसायटी ऑफिसात बैठक झाली. तुझा फळा अजून तिथेच आहे, त्याच्यावर आता पाण्याच्या वेळा लिहितात. चाळीस-पन्नास माणसं होती, जिन्यापर्यंत. आपल्याला बिल्डरला पत्र द्यायचं होतं, आणि ते मी लिहायचं ठरलं.

आपले सेक्रेटरी सावंतकाका, तुला माहीत आहेत, माणूस सोन्यासारखा पण भित्रा. ते म्हणाले, “अगो, जरा मऊ लिही गो. त्यांच्याकडसून अजून पाण्याची टाकी करून घेवची आसा. ‘विलंब झाला असण्याची शक्यता’ असा काय तरी घाल.”

“काका, विलंब ट्रेनला होतो.”

“तुझा तोंड बघ!”

मी माझं वाक्य वाचलं. ‘बंद लिफ्टने वंदनाताईचा जीव घेतला.’ पोरींनी टाळ्या वाजवल्या. मग मी म्हटलं, आणि ताईच्या मेल आपण जोडायच्या नाहीत, त्यांचा विषयच काढायचा नाही. कुणी हरकत घेतली नाही. सगळ्यांना बरं वाटलं. मला पण.

दाजी मागे भिंतीला टेकून उभे होते. तुझा नवरा बैठकीत बोलतो हे आजवर कुणी बघितलेलं नाही. ते म्हणाले, “हॉस्पिटलमधली डॉक्टरीण काय म्हणाली ते लिहिलंस का?”

मी लिहिलं नव्हतं. तू ऐकलं नाहीस म्हणून सांगते. ती तरुण पोरगी होती, माझ्याएवढीच. दाजींनी विचारलं, लवकर आणली असती तर? ती म्हणाली, “कदाचित. खात्रीने नाही सांगता येणार, काका.” आणि तिचे डोळे भरले.

“दाजी, ते लिहिलं तर त्यांना सुटायला जागा मिळते.”

“मिळू दे. ती कदाचित म्हणाली. तू तो शब्द काढू नकोस.” मग जरा थांबून म्हणाले, “मी रोज सकाळी त्याच शब्दाने उठतोय, बाळा. तो खोडून मला काय देणार तू?”

मी खुर्चीवर बसले. माझ्या हातात माझं ठाम वाक्य होतं, टाळ्या मिळालेलं, आणि मला माहीत होतं की त्यातलं मी काही बघितलेलं नाही. लिफ्ट बंद होती हे बघितलं. चादर बघितली. पुढचं मला वाटतं. आणि तुझ्या मेल लपवायच्या हे तर मला कुठल्याच संघटनेने शिकवलं नव्हतं. ते मी स्वतःच्या डोक्याने काढलं होतं.

मी ते वाक्य खोडलं. सगळ्यांसमोर. आणि तिथेच बसून नवीन लिहिलं. तुला वाचून दाखवते.

‘वंदनाताईला अकरा मजले चादरीतून उतरवायला एकवीस मिनिटं लागली. लिफ्ट एकोणीस दिवस बंद होती. ती गेल्यावर तुम्ही ती अर्ध्या तासात सुरू केलीत. तिच्या सगळ्या मेल सोबत जोडल्या आहेत. शेवटच्या मेलमध्ये तिने ‘मॅनेजेबल’ असं लिहिलं आहे. ते लिहिणारी बाई त्या आठवड्यात घरी पोहोचायला चार ठिकाणी बसत होती. सरळ लिहिलेले कागद तुम्ही फाडता म्हणून ती तसं लिहीत होती. लिफ्ट चालू असती तर ती वाचलीच असती, असं आम्ही म्हणत नाही. कदाचित वाचली असती. हे कळायचा एकच मार्ग होता आणि तो तुम्ही बंद ठेवलात. तिच्या घरातल्या माणसांना आता हा ‘कदाचित’ जन्मभर सांभाळायचा आहे. तो तुम्ही दिलेला आहे. त्याचं उत्तर आम्हाला लेखी पाहिजे.’

सावंतकाकांनी दोनदा वाचलं. चष्मा काढला, पुसला. म्हणाले, “ह्या पयल्यापेक्षा कडक झाला गो.” आणि पहिली सही त्यांनी केली. टाकीचं नाव काढलं नाही. रविवारच्या पत्रकातही यातल्याच पहिल्या दोन ओळी जातील.

सोमवारी मी आणि दाजी ते पत्र हातात नेऊन देणार. तिथे आपल्याला काय ऐकवतील ते मला आत्ताच ऐकू येतंय, बसा, चहा घ्या, लेट अस सॉर्ट ऑफ डिस्कस. चहा घेणार नाही. मी मराठीत बोलणार, हळू, न ओरडता. जे बघितलं ते ‘बघितलं’ म्हणणार, जे माहीत नाही ते ‘माहीत नाही’ म्हणणार. आणि त्यांनी पत्राची पोच दिल्याशिवाय तिथून हलणार नाही. साहेब जेवायला गेले तरी नाही, ऑफिस बंद करायची वेळ झाली तरी नाही. दाजींनी दिवसभराची रजा टाकली आहे.